क्युअर झालेलं ईपीडीएम-एसबीआर अल्ट्रासॉनिकने परत वापरता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: कारखान्यात गाडीच्या दारांना लागणाऱ्या ईपीडीएमच्या पट्ट्या आणि एसबीआरच्या मॅट (दोन्ही कृत्रिम रबरं) तयार होतात. रोज साधारण ६५ किलो फ्लॅश (साच्याच्या कडेने निघणारं जादा रबर), कातरण आणि नापास माल निघतो. डायजेस्टरमध्ये (वाफेच्या दाबपात्रात) शिजवलेलं रिक्लेम, म्हणजे तेल घालून परत मऊ केलेलं रबर, नको, कारण त्याचा वास आणि तेल मालात उतरतं. अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ऐकू न येणाऱ्या वेगवान कंपनांनी, हे क्युअर झालेलं (तापवून पक्कं केलेलं) रबर परत कच्च्याच्या जवळ नेता येईल का? आणि सुटे भाग धुवायची अल्ट्रासॉनिक टाकी आधीच आहे, ती या कामी चालेल का?

आधी टाकीचं सांगतो. ती चालणार नाही. धुण्याच्या टाकीत ताकद सगळ्या पाण्यात पसरलेली असते, आणि बुडबुडे पाण्यात फुटतात, रबराच्या आत नाही. तासभर ठेवलंत तरी कातरण फक्त स्वच्छ होईल. द्रवात बुडवून अल्ट्रासॉनिक देण्याची कल्पना नवी नाही. १९७३ साली पेलोफ्स्की यांच्या नावाने तसं अमेरिकन पेटंट निघालं, पण त्यात सॉल्व्हेंट लागतं आणि हाती येतं ते द्रावण. १९८७च्या सुमारास जपानमध्ये ओकुडा आणि हातानो यांनी क्युअर झालेल्या नैसर्गिक रबराला ५० किलोहर्ट्झने २० मिनिटं कंपनं देऊन ते सैल करून दाखवलं. तत्त्व सिद्ध झालं, पण एकेका तुकड्यामागे वीस मिनिटं हे काही उत्पादन नव्हे. खरा फरक पडला तो ओहायोतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात अवराम इसायेव यांनी हॉर्न (कंपनं रबरापर्यंत नेणारा धातूचा ठोकळा) एक्स्ट्रुडरच्या (स्क्रूने रबर पुढे ढकलणाऱ्या मशीनच्या) तोंडाशी बसवला तेव्हा. त्यांची पेटंटं १९९३ आणि १९९४ची आहेत. रबर कोरडं, दाबाखाली, अरुंद फटीतून वाहतं आणि काही सेकंदांत बाहेर पडतं. आज 'अल्ट्रासॉनिक डिव्हल्कनायझेशन' (अल्ट्रासॉनिकने क्युअर सोडवणं) म्हटलं की हीच पद्धत समजायची.

फट आणि दाब यांच्यावर सगळं का अवलंबून आहे, ते आकड्यांत बघा. हॉर्नचं तोंड २० किलोहर्ट्झने १० मायक्रॉन पुढेमागे होतं. टोकाचा वेग भरतो सेकंदाला जेमतेम सव्वा मीटर, पण त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सोळा हजार पट. आता हे १० मायक्रॉन २ मिलिमीटरच्या फटीवर पसरवले तर रबर ताणलं जातं अवघं अर्धा टक्का. अर्ध्या टक्क्याच्या ताणाने क्युअर झालेलं रबर कुठे तुटतं? बंध तुटतात ते रबरात आधीच असलेल्या सूक्ष्म पोकळ्यांभोवती. दाब-सैल-दाब या चक्रात पोकळी फुगते, मिटते, आणि तिच्या भिंतीवरची जाळी कितीतरी पट ताणली जाते. रबर ध्वनी झपाट्याने शोषतं, म्हणून हॉर्नपासून लांबचा थर कोराच राहतो आणि फट अरुंद ठेवावी लागते. दाब हवा तो रबर हॉर्नला चिकटून राहावं म्हणून. दाब गेला की हॉर्न रबरावर नुसता टकटक करतो, मीटरवरची पॉवर पडते, आणि बाहेर आलेला माल आत गेला तसाच असतो.

आता बंधांकडे येऊ. रबराच्या लांब साखळ्या क्युअर करताना गंधकाच्या आडव्या बंधांनी बांधल्या जातात. आपल्याला हे आडवे बंध तोडायचे आहेत, साखळ्या नाहीत. कार्बन-कार्बन बंधाला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात, कार्बन-गंधकाला २८५च्या आसपास, गंधक-गंधकाला २७० किंवा त्याहून कमी. म्हणजे फरक आहे, पण फार मोठा नाही. अल्ट्रासॉनिकला कमकुवत बंध आधी सापडतात हे खरं, पण जोर वाढवला की साखळ्याही तुटू लागतात. मशीन जोरात चालवलं की माल जास्त चांगला होतो हा समज इथे उलटा पडतो.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा: तुमचं ईपीडीएम गंधकाने क्युअर होतं की पेरॉक्साइडने? पेरॉक्साइडच्या क्युअरमध्ये आडवा बंधही कार्बन-कार्बनचाच असतो, म्हणजे मुख्य साखळीइतकाच मजबूत. निवड करायला जागाच उरत नाही. तो माल या वाटेला लावू नका, बारीक दळून भर म्हणून वापरा. कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाच्या रेसिपीचा) कागद हाताशी नसेल तर पट्टी ताजी कापून हुंगा. डायक्युमिल पेरॉक्साइडने क्युअर केलेल्या मालाला अ‍ॅसिटोफेनोनचा गोडसर, फुलासारखा वास येतो. गंधकाच्या मालाचा वास कुणाला शिकवावा लागत नाही. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेतून गंधकाचं प्रमाण काढून घ्या.

गंधकाचं ईपीडीएम या पद्धतीला चांगलं मानवतं. त्याची मुख्य साखळी संपृक्त असते, तिच्यात दुहेरी बंध नाहीत, त्यामुळे तुटल्यावर भलतीकडे जोडाजोड कमी होते. एसबीआरचं तसं नाही. त्याच्या साखळीत दुहेरी बंध भरपूर असतात. तुटलेली टोकं लगेच दुसरीकडे जाऊन चिकटतात, आणि मऊ झालेला माल ठेवल्या जागी पुन्हा कडक होतो. डायजेस्टरमध्येही एसबीआर हेच करतं: आधी मऊ पडतं, मग शिजत राहिलं की उलट घट्ट होतं. रिक्लेमवाले तेल आणि रिक्लेमिंग एजंट ओततात ते याचसाठी. तरी एसबीआरची एक जमेची बाजू आहे. कार्बन ब्लॅक (मजबुतीसाठी घालतात ती काजळी) नसलेलं एसबीआर अल्ट्रासॉनिकने सोडवून पुन्हा क्युअर केल्यावर त्याची ताणशक्ती मूळ मालापेक्षा जास्त आल्याचे निष्कर्ष अ‍ॅक्रनच्या गटाने प्रसिद्ध केले आहेत. नव्या जाळीत आखूड आणि लांब साखळ्यांचं मिश्रण होतं, हे त्याचं कारण. हा निष्कर्ष दाखवून काळ्या मॅटच्या भुग्यातही तेच होईल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. कार्बन ब्लॅक असला की तुटलेली टोकं त्याच्या पृष्ठभागाला जाऊन बसतात आणि त्या ब्लॅकची मजबुती देण्याची ताकद काही अंशी कमी होते. म्हणूनच परत क्युअर करताना थोडा ताजा ब्लॅक घातला की गुणधर्म सुधारतात.

बाकीच्या कृत्रिम रबरांचं दोन ओळींत. ब्युटाइलमध्ये, टायर क्युअर करायच्या ब्लॅडरसकट, साखळ्या तुटण्याकडे कल असतो, माल मऊ आणि चिकट होतो. सिलिकोन सोडवता येतं, पण परत पेरॉक्साइडने क्युअर करावं लागतं. निओप्रीनमधून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि ती डाय (माल ज्यातून बाहेर पडतो तो धातूचा साचा) खाते. फ्लोरोरबर कुणी सुचवलं तर नाही म्हणा, हायड्रोजन फ्लोराइडशी खेळ नको.

भुगा. कातरण आधी क्रॅकर मिलवर, मग ग्राइंडरमध्ये ३० मेशपर्यंत आणा, म्हणजे दाणा साधारण ०.६ मिलिमीटरचा. ४० मेश मिळाला तर आणखी बरा. दाणा मोठा असेल तर स्क्रू अडखळत माल देतो, दाब वरखाली होतो आणि कंपनं सगळ्यांना सारखी लागत नाहीत. ईपीडीएम आणि एसबीआर एकत्र दळायचं नाही. एकदा मिसळलं की वेगळं होत नाही, आणि दोघांचा क्युअरचा वेगही एक नाही. दाराच्या पट्टीत आत लोखंडी पत्रा किंवा तार असते, ती काढल्याशिवाय तो भाग दळू नका. भुगा दोनदा चुंबकावरून न्या. २ मिलिमीटरच्या फटीत तारेचा एक तुकडा हॉर्नच्या तोंडावर चरा पाडतो, आणि सेकंदाला वीस हजार वेळा ताण घेणाऱ्या टायटॅनियममध्ये चऱ्याची तड व्हायला वेळ लागत नाही.

ओलावा एक टक्क्याच्या खाली आणा. ७० ते ८० अंशांवर पसरट ट्रेमध्ये दोन-तीन तास पुरतात. ओला भुगा गेला तर फटीत वाफ होते, माल डायमधून फुसफुसत येतो आणि शीटला भोकं पडतात. पावसाळ्यात आदल्या दिवशी वाळवलेला भुगा सकाळी पुन्हा वाळवावा लागतो, तेवढं गृहीत धरा.

मशीन. प्रयोगशाळेतला मूळ सांगाडा साधा आहे: ३८ मिलिमीटरचा सिंगल स्क्रू एक्स्ट्रुडर, ३ किलोवॉटचा २० किलोहर्ट्झचा जनरेटर, ट्रान्सड्युसर (विजेपासून कंपनं करणारा), बूस्टर (ती वाढवणारा) आणि ७६ मिलिमीटर व्यासाचा टायटॅनियमचा हॉर्न. हॉर्नचं टोक शंकूसारखं, समोर त्याच आकाराची डाय, मध्ये दीड ते अडीच मिलिमीटरची फट. हॉर्न आणि डाय दोन्हीला पाण्याचं कूलिंग. बॅरलचं तापमान १२० अंशांच्या आसपास, आयाम (हॉर्नचं तोंड किती हलतं ते अंतर) ५ ते १० मायक्रॉन, मालाचा वेग सेकंदाला ०.६३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तासाला सव्वादोन किलो. पुढे बॅरलच्या बाजूला समोरासमोर दोन हॉर्न लावलेल्या आणि ट्विन स्क्रूवर बसवलेल्या रचनाही आल्या. त्यांत मिसळणं चांगलं होतं आणि माल जास्त काढता येतो.

कूलिंग का लागतं ते हिशेबाने बघा. समजा रबरात ५०० वॉट जातात. ०.६३ ग्रॅम प्रति सेकंदाला भागलं की ग्रॅममागे जवळजवळ ८०० ज्यूल. रबराची विशिष्ट उष्णता १.९ धरली आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असं मानलं, तर तापमान चारशे अंशांनी चढेल. म्हणजे सरळ जळून जाईल. पाण्याचा नळ अर्धवट उघडा राहिला तर अल्ट्रासॉनिक बाजूला राहतं आणि तुम्ही नुसतं रबर भाजत असता. अशा मालाचा रंग, वास आणि चिकटपणा बघून लोक खूश होतात, इतकं ते रबर 'मऊ' असतं.

हॉर्नच्या लांबीबद्दलही थोडं. टायटॅनियममध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,००० मीटर, म्हणून २० किलोहर्ट्झला तरंगलांबी २५ सेंटिमीटर आणि अर्ध्या तरंगाचा हॉर्न साडेबारा सेंटिमीटरचा. मधोमध एक जागा स्थिर असते. पकड आणि सील तिथेच द्यायचं. चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर सील घासतं, तापतं आणि रबर मागे गळू लागतं. तोंडावरचा चरा काढायला लेथवर १ मिलिमीटर उतरवलं तर लांबी ०.८ टक्के घटते आणि फ्रिक्वेन्सी साधारण १६० हर्ट्झने चढते. एकदोनदा जनरेटर सांभाळून घेतो, नंतर लॉक होत नाही. नवा हॉर्न मागवायची वेळ ती.

आणखी एक सापळा आयामाच्या मोजमापात आहे. शोधनिबंधांत '१० मायक्रॉन' हे बहुधा मधल्या स्थितीपासून टोकापर्यंतचं अंतर असतं. विकणाऱ्यांच्या पत्रकात तोच आकडा टोकापासून टोकापर्यंतचा, म्हणजे दुप्पट असू शकतो. खरेदीच्या कागदावर कोणता ते लिहून घ्या. नाहीतर १० समजून ५ वर मशीन चालवाल आणि पद्धतच खोटी म्हणाल.

चालवताना. रिकाम्या फटीत भुगा सरळ ढकलू नका. क्युअर झालेला भुगा अल्ट्रासॉनिकशिवाय वाहत नाही, नुसता दाबून घट्ट होतो, आणि एक्स्ट्रुडरचा दाब इतका चढतो की मोटर ट्रिप होते. आधी त्याच जातीचं कच्चं रबर घालून फट भरा. मग कूलिंगचं पाणी, मग अल्ट्रासॉनिक सुरू. पॉवर स्थिर झाली की भुगा थोडा थोडा वाढवत कच्चं रबर बंद करा. थांबताना याच्या उलट: शेवटी कच्चं रबर घालून फट धुऊन काढा, मग अल्ट्रासॉनिक बंद. फटीत भुगा राहून थंड झाला तर डाय खोलून खरवडावा लागतो, आणि खरवडताना हॉर्नच्या तोंडावर ओरखडे येतात.

सुरू करण्याआधी हॉर्न हवेत चालवून त्याची मोकळी पॉवर टिपून ठेवा. मालाखाली दिसणाऱ्या आकड्यातून ती वजा करा, उरतं ते रबरात गेलेलं. हा आकडा, फटीआधीचा दाब आणि मालाचा वेग हे तीन रजिस्टरमध्ये दर दहा मिनिटांनी लिहायचे. सुरुवात ५ मायक्रॉनवर करा. आयाम वाढवला की दाब उतरतो, कारण हॉर्नखालचा माल सैल होऊन वाहतो. हे ठीक. पण दाब उतरता उतरता पॉवरही पडू लागली तर हॉर्न रबरापासून सुटतो आहे. तेव्हा आयाम वाढवत बसू नका, स्क्रूचा वेग वाढवा किंवा फट थोडी कमी करा.

फटीत माल किती वेळ राहतो? ७६ मिलिमीटरच्या तोंडाखाली २ मिलिमीटरची फट म्हणजे ९ घन सेंटिमीटर. काळ्या मालाची घनता १.१५ धरली तर ०.६३ ग्रॅमच्या वेगाला तो १६ सेकंद राहतो. वेग दुप्पट केला की ८ सेकंद. आयामापेक्षा हा वेळ बदलणं जास्त हाती असतं आणि हॉर्नलाही त्रास नाही. म्हणून आयाम ७-८ मायक्रॉनवर बांधून टाकायचा आणि उरलेली जुळवाजुळव स्क्रूच्या वेगावर करायची, असं माझं मत आहे.

बाहेर आलेला माल लगेच थंड दोन रोलच्या मिलवर घेऊन ३ मिलिमीटरची शीट काढा आणि पाण्यातून न्या. गरम ढीग करून ठेवला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. एसबीआर तासाभरात स्वतःला परत बांधू लागतं, आणि ढीग मोठा असेल तर धूर निघायलाही वेळ लागत नाही. शीट उजेडासमोर धरून बघा. वाळूसारखे दाणे दिसले तर माल अर्धवट सुटलाय. निप (दोन रोलमधली फट) घट्ट करून दोन-तीन पास दिले की थोडे दाणे जिरतात. जास्त असतील तर मिलवर वेळ घालवू नका, वेग कमी करून परत चालवा.

मशीनजवळ कानाला मफ लावा. २० किलोहर्ट्झ ऐकू येत नाही, पण त्याचा अर्धा सूर, १० किलोहर्ट्झचा, कर्कश ऐकू येतो. डायच्या तोंडाशी गंधकयुक्त वाफा निघतात, तिथे एक्झॉस्टचा हुड हवाच.

मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मूनी (कच्च्या रबराचा घट्टपणा दाखवणारा आकडा) उतरला म्हणजे डिव्हल्कनायझेशन झालं, असं धरून चालणारे बरेच आहेत. साखळ्या तुटल्या तरी मूनी उतरतो. फरक फक्त सॉल्व्हेंटमध्ये कळतो. नमुना आधी अ‍ॅसिटोनमध्ये सॉक्सलेटवर (गरम सॉल्व्हेंट परत परत फिरवणारं काचेचं उपकरण) १६ तास ठेवा, तेल आणि मेण निघून जातं. मग टोल्युइनमध्ये २४ तास. या वेळी जे सुटून निघतं तो सॉल, म्हणजे जाळीतून मोकळं झालेलं रबर. उरलं ते जेल. ते वाळवून वजन करा, ताज्या टोल्युइनमध्ये ७२ तास फुगवा आणि कपड्याने टिपून झटकन पुन्हा वजन करा. टिपायला जास्त वेळ लावला तर टोल्युइन उडतं आणि आकडा फसवतो, म्हणून झाकणाच्या बाटलीत वजन घ्या.

भर नसलेल्या रबराचं एक उदाहरण. जेल ०.२०० ग्रॅम, घनता ०.९४. मूळ मालाचं फुगल्यावर वजन ०.६३० ग्रॅम, प्रक्रियेनंतरच्या मालाचं ०.९०० ग्रॅम. म्हणजे पहिल्याने ०.४३० आणि दुसऱ्याने ०.७०० ग्रॅम टोल्युइन प्यायलं. टोल्युइनच्या घनतेने, ०.८६७ने, भागून आकारमान काढलं की फुगलेल्या तुकड्यात रबराचा वाटा पहिल्यात ०.३०, दुसऱ्यात ०.२१. हे फुगण्यावरून बंधांची घनता देणाऱ्या फ्लोरी-रेनरच्या सूत्रात घाला, रबर आणि टोल्युइन यांच्या परस्परक्रियेचा गुणांक ०.३९ धरा. पहिल्यात आडव्या बंधांची घनता घन सेंटिमीटरमागे ३.९ गुणिले दहाचा उणे चौथा घात मोल, दुसऱ्यात १.६. घट ५९ टक्के. गुणांक तुमच्या रबराला शंभर टक्के जुळतो का, यावर फार वाद घालू नका, आधी आणि नंतर तोच वापरला की तुलना टिकते. काळ्या मालात मात्र ब्लॅक फुगत नाही, त्याचं आकारमान वजा करून क्राउसची दुरुस्ती लावावीच लागते. टक्केवारी काढायची ठरलेली पद्धत एएसटीएम डी ६८१४ मध्ये आहे.

आता हा ५९ टक्के कुठून आला, आडव्या बंधांतून की साखळ्यांतून? त्यासाठी हॉरिक्सचा आलेख. आडव्या अक्षावर बंधांच्या घनतेतली घट, उभ्यावर सॉलचं प्रमाण. दोन रेषा असतात. फक्त साखळ्या तुटल्या तर सॉल झपाट्याने वाढतो, ती वरची रेषा. फक्त आडवे बंध तुटले तर सॉल बराच वेळ खालीच राहतो, ती खालची. तुमचा बिंदू खालच्या रेषेजवळ बसला तर माल चांगला. वरच्या रेषेवर बसला तर तुम्ही रबर फाडलंय, मूनी कितीही सुंदर असो. आयाम ५, ७.५ आणि १० मायक्रॉनवर तीन नमुने काढून हे तीन बिंदू एकाच आलेखावर मांडा. कुठे थांबायचं ते कागदच सांगतो.

मूनीही मोजायचा, पण दोनदा: त्याच दिवशी आणि सात दिवसांनी. आठवड्यात दहा-पंधरा युनिट चढला तर एसबीआर परत बांधलं जातंय. तसा माल काढला त्या आठवड्यात वापरून टाका.

कंपाउंडमध्ये घालताना सगळ्यात जास्त चूक हिशेबात होते. तुमच्या मॅटच्या भुग्यात रबर समजा ५५ टक्केच आहे, बाकी ब्लॅक, तेल, झिंक, चुना. १०० किलो रबरातले १५ किलो जुन्या रबराने बदलायचे तर १५ नाही, २७.३ किलो माल लागतो. त्यातून १२.३ किलो बाकीच्या वस्तू फुकट येतात. त्यात ब्लॅक ८-९ किलो असेल तर रेसिपीतला ब्लॅक कमी केला पाहिजे, पण पूर्ण तितका नाही, कारण जुना ब्लॅक थोडा थकलेला असतो. पाच-सहा किलो कमी करून हार्डनेस बघा. घटकांचं प्रमाण टीजीएवर (तापवत वजनातली घट मोजणारी चाचणी) एकदा काढून घ्या, अंदाजाने चालवू नका.

फक्त सोडवलेलं रबर घेऊन चाचणी करायची असेल तर सुरुवातीची रेसिपी: १०० भाग मालाला झिंक ऑक्साइड २.५, स्टिअरिक आम्ल ०.५, सीबीएस (अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे क्युअर जलद करणारं रसायन) ०.५, गंधक २. क्युअर १६० अंशांवर, वेळ एमडीआरच्या (क्युअर मोजणाऱ्या मशीनच्या) टी-९० प्रमाणे, म्हणजे ९० टक्के क्युअरला लागेल तेवढा. यात जुने अ‍ॅक्सिलरेटरचे अवशेष असतात, त्यामुळे स्कॉर्चचा वेळ आखडतो आणि माल साच्यात पसरण्याआधीच धरायला लागतो. पट्टीच्या एक्स्ट्रुजनमध्ये हे जास्त जाणवतं, कडा करवतीसारख्या निघतात. ०.१ ते ०.२ भाग पीव्हीआय (क्युअर सुरू होणं लांबवणारं रसायन) घाला, गंधक थोडा कमी करा आणि मिक्सिंगच्या शेवटच्या पासमध्येच टाका. दिसणाऱ्या पट्टीत १० भागांपासून सुरुवात करा, मॅटमध्ये २० पर्यंत जायला हरकत नाही. कॉम्प्रेशन सेट (दाबून सोडल्यावर रबर किती दबलेलं राहतं ते) आधी बिघडतो, ताणशक्ती नंतर, म्हणून दाराच्या सीलसाठी सेटचा रिपोर्ट आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मशीन बिघडायच्या खुणा थोड्याच आहेत. चालता चालता फ्रिक्वेन्सी हळूहळू उतरली तर हॉर्न तापतोय, पाणी बघा. एकदम उतरून जनरेटर ओव्हरलोड दाखवत असेल आणि आवाज फाटल्यासारखा येत असेल तर हॉर्नला तड गेली किंवा स्टड सैल झाला. जोड उघडून बघा. दोन्ही तोंडांवर काळे डाग असतील तर ती घासत होती, आरशासारखी घासून ठरलेल्या टॉर्कने पुन्हा आवळा. ट्रान्सड्युसरला कोरडी हवा द्या, ६० अंशांपुढे गेला की त्यातलं सिरॅमिक हळूहळू दुबळं होतं आणि मग सगळे आकडे खोटे पडतात.

तुमच्या ६५ किलोंसाठी हिशेब असा: एका आठ तासांच्या पाळीत ते काढायचे तर तासाला आठ किलो, सेकंदाला २.२५ ग्रॅम. ग्रॅममागे ६०० ते ८०० ज्यूल धरले तर रबरात १.३ ते १.८ किलोवॉट गेले पाहिजेत. ३ किलोवॉटचा एक हॉर्न कागदावर पुरतो, पण दिवसभर त्या भाराने चालवला तर टिकणार नाही. दोन हॉर्न लागतील, आणि एक कपाटात राखीव. हॉर्न रुंद करून काम भागत नाही, कारण आडवा आकार तरंगलांबीच्या तुलनेत वाढला की तोंड सगळीकडे सारखं हलत नाही. खाचा पाडून ते सुधारतं, पण खाचांत रबर जाऊन बसतं.

म्हणून रोजच्या ६५ किलोंसाठी हे मशीन विकत घेणं मला पटत नाही. गंधकाच्या ईपीडीएमसाठी ट्विन स्क्रूवर तापमान आणि घर्षणाने सोडवण्याची वाट जास्त रुळलेली आहे. जपानमध्ये टोयोटा गोसेईने गाडीच्या पट्ट्यांच्या ईपीडीएमसाठीच ती वापरली. एसबीआर मॅटचा भुगा ४० मेशपर्यंत दळून ५ ते १० भाग तसाच घालता येतो, आणि मॅटला तेवढं पुरतं. अल्ट्रासॉनिकला खरा अर्थ येतो तो एकाच रेसिपीचं गंधकाचं ईपीडीएम महिन्याला काही टन मिळत असेल, आणि परत त्याच पट्टीत घालायचं असेल तेव्हा. आसपासच्या चार-पाच पट्टीवाल्यांचा माल एकत्र केला तर टन होतील, पण रेसिपी चार-पाच होतील, आणि तिथेच गणित बिघडतं. भंगार टायर आणून टन भरायचा विचार असेल तर २०२२च्या नियमांप्रमाणे पुनर्वापर करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. शिवाय टायरच्या भुग्यात नैसर्गिक रबर, एसबीआर, ब्युटाइल सगळंच असतं.

तरीही करून बघायचं असेल तर मशीनच्या आधी चाचणीवर पैसे घाला. एकाच बॅचचं दहा किलो ईपीडीएम कातरण, ३० मेश, वाळवून बंद पिशवीत, सोबत मूळ कंपाउंडची रेसिपी आणि त्याच बॅचची क्युअर केलेली २ मिलिमीटरची प्लेट. प्रक्रिया जिथे करून घ्याल तिथून तीन आयामांचे वेगवेगळे नमुने मागा, एकच 'सर्वात चांगला' नमुना घेऊ नका. मूनी, सॉल-जेल, एमडीआर, ताण आणि कॉम्प्रेशन सेट ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आयआरएमआरएसारख्या रबराच्या प्रयोगशाळेत काढून घ्या. मूळ प्लेटही सोबतच द्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?